रूळ एकच असेल तर: विरळ रेल्वेजाळ्याचा ठिसूळपणा मोजायचा कसा?

रूळरेषा (धागाकर्ता)

गेले काही महिने एका विषयानं डोक्यात घर केलं आहे, तो इथे मांडतो. चुका दिसल्या तर मोकळेपणानं दाखवा.

रेल्वे बंद पडण्याच्या परिणामांवरचं जे काही मी वाचलं, त्यातलं बरंचसं दाट जाळ्यांबद्दल आहे. महानगरातल्या मेट्रोत एक स्थानक बंद पडलं तर लोक पलीकडच्या मार्गावरून जातात, उशीर होतो, पण पोचतात. जगातली बरीच रेल्वे अशी नाही. शेकडो किलोमीटर एकच मार्ग, तोही एकेरी, मध्ये दोन-तीन जंक्शनं आणि टोकाला एखादं बंदर किंवा खाण. अशा जाळ्याला मी 'विरळ' म्हणतो आहे.

विरळपणा मोजायची सोपी रीत आहे. स्थानकं मोजा, त्यांना जोडणारे तुकडे मोजा. तुकड्यांतून स्थानकं वजा करा, एक मिळवा. येईल तेवढे त्या जाळ्यात स्वतंत्र फेरे, म्हणजे फिरून त्याच स्थानकाला येणारे बंद मार्ग. दहा स्थानकं आणि नऊ तुकडे असले तर उत्तर शून्य. म्हणजे एकही फेरा नाही, कुठलाही तुकडा गेला की जाळ्याची दोन शकलं. ज्या तुकड्यावाचून जाळं तुटतं त्याला आलेखशास्त्रात (ठिपके आणि त्यांना जोडणारे दुवे यांच्या गणितात) 'पूल' म्हणतात. इथे नदीवरच्या पुलाशी गल्लत होईल म्हणून मी 'एकमेव दुवा' म्हणेन.

आता हे दहा स्थानकांचं सरळ रेषेतलं जाळं घ्या. स्थानकांच्या एकूण जोड्या ४५. बरोबर मधला तुकडा तुटला तर पाच स्थानकं इकडे, पाच तिकडे, म्हणजे २५ जोड्यांचा संपर्क तुटतो. टोकाचा तुकडा तुटला तर फक्त ९ जोड्यांचा. माझी पद्धत इथूनच सुरू होते. प्रत्येक एकमेव दुवा काढून बघायचा, किती जोड्या तुटल्या ते मोजायचं, त्या जोड्यांमधल्या वाहतुकीनं गुणायचं आणि उतरत्या क्रमानं यादी लावायची.

हा विषय मनात बसला तो इंग्लंडमधल्या डॉलिशच्या छायाचित्रांमुळे. प्लिमथ आणि कॉर्नवॉलकडे जाणारा एकुलता एक रेल्वेमार्ग तिथे समुद्राला अगदी चिकटून जातो. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात लाटांनी संरक्षक भिंत फोडली आणि रुळांखालची खडी, माती, सगळा भराव ओढून नेला. रूळ मात्र तुटले नाहीत. स्लीपरांसकट ते हवेत लोंबकळत राहिले, आडव्या दोरशिडीसारखे. खाली समुद्र, मागच्या बाजूला घरं. ४ एप्रिलला मार्ग पुन्हा सुरू होईपर्यंत तो सगळा प्रदेश रेल्वेनकाशावरून पुसला गेला होता.

पूर्वी ओकहॅम्प्टनवरून आतल्या बाजूनं प्लिमथला जाणारा दुसरा मार्ग होता. त्याचा मधला तुकडा १९६८ मध्ये बंद केला गेला. त्या वेळच्या हिशोबात तो तोट्यातला तुकडा होता. ४६ वर्षांनी तोच एकमेव पर्याय ठरला असता.

माझा प्रश्न असा: असा तुकडा बंद करण्याआधीच त्याची किंमत कळेल, अशी मोजणी करता येईल का?

---

शिकाऊ

लेख आवडला. एक बाळबोध शंका. सगळ्यात जास्त गाड्या जिथून जातात तोच तुकडा सगळ्यात महत्त्वाचा, असं सरळ का धरू नये? गाड्यांची आकडेवारी तर तयारच असते.

---

रूळरेषा

शंका बाळबोध नाही, मीही तिथूनच सुरुवात केली होती. गर्दीच्या मार्गाला बहुतेक वेळा दुहेरी रूळ असतात, शेजारून दुसरा मार्ग असतो, दुरुस्तीची यंत्रणा जवळ असते. तो बंद पडला तर गोंधळ मोठा, पण तो लवकर निवळतो. दिवसाला दोनच गाड्या जाणारा टोकाचा तुकडा गेला तर यादीत तो तळाला दिसतो आणि त्या टोकाच्या लोकांचं मात्र सगळंच थांबतं.

---

गणितगप्पा

छान धागा. थोडा इतिहास आणि एक आक्षेप.

१९५५ मध्ये अमेरिकेतल्या रँड संस्थेत हॅरिस आणि रॉस यांनी सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपच्या रेल्वेजाळ्यावर एक गुप्त अहवाल लिहिला. त्यात ४४ बिंदू आणि १०५ दुवे होते. कमीत कमी कुठे तोडलं म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा माल थांबेल, हा त्यांचा प्रश्न. उत्तर आलं १,६३,००० टन, म्हणजे जाळ्याच्या सगळ्यात अरुंद कमरेतून तेवढाच माल जाऊ शकत होता. याच प्रश्नातून फोर्ड आणि फुल्करसन यांचा महत्तम प्रवाह आणि लघुतम छेद यांचा सिद्धांत पुढे आला. अहवाल १९९९ मध्ये खुला झाला. तोडायला निघालेल्यांनी जी रेषा शोधली, नेमकी तीच रेषा जपायला निघालेल्यांनाही हवी असते.

आता आक्षेप. तुम्ही फक्त एकमेव दुवे मोजता. फेऱ्यातले तुकडे तुमच्या यादीत सुरक्षित ठरतात. पण विरळ जाळ्यातले फेरे अवाढव्य असतात. सहा स्थानकांचा एक फेरा घ्या, प्रत्येक तुकडा ३० किलोमीटरचा. एक तुकडा गेला तर शेजारच्या दोन स्थानकांना ३० ऐवजी १५० किलोमीटर फिरून जावं लागतं, पाचपट. बारा स्थानकांचा फेरा असेल तर ३३० किलोमीटर, अकरापट. संपर्क तुटला नाही हे खरं, पण अकरापट फिरून कोण जाईल? 'तुटलं' आणि 'जोडलेलं' यांच्या मधली सगळी दुखणी तुमच्या मोजणीतून निसटतात.

आणखी एक. मोठी केंद्रं, म्हणजे खूप दुवे जिथे एकत्र येतात ते बिंदू, पाडली की जाळं कोसळतं, हा सिद्धांत सन २००० नंतर फार गाजला. इंटरनेटसारख्या जाळ्यांसाठी तो ठीक. विरळ रेल्वेत बहुतेक स्थानकांना दोनच बाजू असतात, केंद्रं जवळजवळ नसतातच. तिथे स्थानकांपेक्षा तुकड्यांकडे बघायला हवं, हे तुम्ही बरोबर धरलं आहे.

---

जुना_कंट्रोलर

मी अठ्ठावीस वर्षं सेक्शन कंट्रोलर म्हणून, म्हणजे कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कधी सोडायची हे ठरवण्याचं काम केलं, सगळं एकेरी मार्गांवर. या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे म्हणून लिहितो.

नकाशावर तुकडा शाबूत असतो, तरी तो निम्मा मेलेला असू शकतो.

एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या स्थानकावरच्या लूप लाइनवर (मुख्य रुळाच्या बाजूनं काढलेल्या जादा रुळावर) एकमेकींना ओलांडतात. त्याला आम्ही क्रॉसिंग म्हणतो. किती गाड्या चालतील हे रुळांच्या लांबीवर ठरत नाही, सगळ्यात लांब ब्लॉक सेक्शन (दोन स्थानकांमधला, एका वेळी एकच गाडी सोडता येते असा तुकडा) पार करायला किती मिनिटं लागतात त्यावर ठरतं. त्यासाठी स्कॉटचं सूत्र वापरतात. दिवसाच्या १४४० मिनिटांना (धावण्याचा वेळ + गाडी सोडण्या-घेण्याच्या ब्लॉकच्या कामाचा वेळ) यानं भागायचं आणि ०.७ नं गुणायचं. २० मिनिटं धाव आणि ५ मिनिटं काम धरलं तर दिवसाला सुमारे ४० गाड्या बसतात.

आता मधल्या एका लहानशा स्थानकाचा लूप बंद पडला असं धरा. रूळ कुठेही तुटलेला नाही, सरळ लाइन चालू आहे. पण दोन सेक्शन मिळून एक झालं, धाव ४० मिनिटांची झाली. सूत्रात घाला. उत्तर २२.

एका पॉइंटच्या (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याच्या) मोटरीमुळे ४० च्या २२ गाड्या. हे मी कागदावर नाही, बोर्डावर पाहिलेलं आहे. आमच्या समोर तक्ता असायचा, आडवा वेळ, उभी स्थानकं, प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. दोन तिरक्या रेघा जिथे छेदतात तिथे लूप असायलाच हवा. ज्या रात्री असा एक लूप बंद झाला, त्या रात्री मी पहाटेपर्यंत रेघा खोडून पुन्हा काढत होतो. पेन्सिल दोनदा संपली. चार स्थानकं अलीकडे उभ्या असलेल्या मालगाडीच्या ड्रायव्हरची ड्यूटी संपत आली होती, बदली ड्रायव्हर पलीकडच्या बाजूला अडकलेला आणि त्याला आणायला गाडीच नव्हती. लूप दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाला. गाड्या वेळेवर यायला आणखी तीन दिवस गेले.

तुमच्या जोड्यांच्या मोजणीत त्या रात्रीचं नुकसान शून्य येईल.

---

रूळरेषा

जुना_कंट्रोलर, हा प्रतिसाद मी तीनदा वाचला. तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या आलेखात ते स्थानक एक निव्वळ ठिपका होतं, त्याला लूप आहे की नाही हे मी नोंदवलंच नव्हतं. आता प्रत्येक तुकड्याला लांबीबरोबर दिवसाची क्षमताही देतो.

---

मालवाहू

जुना_कंट्रोलर यांच्याच मुद्द्याला जोडून. वळसा नकाशावर असणं आणि त्यावरून गाडी नेता येणं यात फार अंतर आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मनीत राश्टाट इथे चालू रेल्वेमार्गाखाली नवा बोगदा खणताना वरचे रूळ खचले. ऱ्हाइन खोऱ्यातला हा मुख्य मालवाहू मार्ग ५१ दिवस बंद राहिला. युरोपचं जाळं दाट म्हणून जगात नावाजलेलं. पण पर्यायातला श्टुटगार्टवरून जाणारा मार्ग काही भागात एकेरी, आणि नेमकं तेव्हाच त्यावरही काम काढलेलं. फ्रान्समधून जायचं तर फ्रेंच येणारे आणि तो मार्ग माहीत असलेले ड्रायव्हर पुरेसे नाहीत. कागदावरचं दाट जाळं प्रत्यक्षात विरळ निघालं.

दुसरं उदाहरण नॉर्वेचं. ऑगस्ट २०२३ च्या 'हान्स' वादळात डोव्ह्रे मार्गावरचा रांडक्लेव्ह पूल नदीत कोसळला. मार्ग आधीच बंद ठेवला होता म्हणून जीवितहानी टळली. ओस्लो ते ट्रोन्हाइम दुसऱ्या बाजूनं र्‍योरोसवरून जाता येतं, नकाशावर सुरेख फेरा दिसतो. पण त्या मार्गावर विजेची तार नाही. मुख्य मार्गावरची विजेची इंजिनं तिथे जाऊ शकत नाहीत, डिझेल इंजिनं हवीत आणि ती हाताशी हवीत. पूल मे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाला.

म्हणून माझी सूचना. प्रत्येक वळशाला हे प्रश्न विचारा: वीज आहे का, गेज (दोन रुळांमधलं अंतर) तेच आहे का, बोगद्यातून डबा जाईल का, भार पेलेल का, ड्रायव्हरला मार्ग माहीत आहे का, आणि आधीच्या गाड्या सोडून जागा किती उरते. शेवटचा प्रश्न सगळ्यात कठोर. जुना_कंट्रोलर यांचा २२ गाड्यांचा मार्ग वळसा म्हणून धरा. त्यावर १६ गाड्या आधीच असतील तर उरतात ६. मुख्य मार्गावरच्या ३० गाड्या वळवायच्या असतील तर २४ जागच्या जागी उभ्या.

---

दगडमाती

तुम्ही सगळे एका वेळी एकच तुकडा काढता. निसर्ग तसं करत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात मुसळधार पाऊस झाला. खंड आडवा ओलांडून पर्थकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाची सुमारे ३०० किलोमीटरच्या पट्ट्यात १८ ठिकाणी धूप झाली. मार्ग २४ दिवस बंद. पर्थच्या दुकानांतले रॅक रिकामे दिसू लागले, कारण पूर्वेकडून जमिनीवरून येणारा बहुतेक माल याच रुळांवरून येतो. अठरापैकी सतरा ठिकाणं दुरुस्त करून उपयोग नसतो. सरळ रेषेतल्या मार्गावर अठरावं झाल्याशिवाय एकही गाडी पलीकडे जात नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता आणि रेल्वे एकत्र जातात, कारण डोंगरातून जायला एकच सोयीची वाट असते. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये कायकौरा इथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यालगतची रेल्वे आणि तिच्या शेजारचा महामार्ग दोन्ही एकाच वेळी दरडींखाली गेले. मालगाड्या सप्टेंबर २०१७ मध्ये मर्यादित प्रमाणात सुरू झाल्या, महामार्ग डिसेंबरात. रेल्वे बंद तर बस लावू, हे उत्तर जिथे सगळ्यात जास्त हवं तिथेच लागू पडत नाही.

म्हणून तुकडे एकेक करून काढू नका. नकाशावर एक वर्तुळ ठेवा, पन्नास किलोमीटरचं म्हणा, त्यात येणारं सगळं एकदम काढा आणि मग मोजा. असं वर्तुळ सगळ्या नकाशावर फिरवा. काही ठिकाणी मुख्य मार्ग आणि त्याचा वळसा एकाच नदीचा तीर धरून जाताना दिसतील. तिथे वळसा नाही असंच समजायचं.

---

पाऊलखुणा

कॅनडातलं चर्चिल कुणी आणलं नाही म्हणून लिहितो. हडसन उपसागरावरचं हे लहानसं गाव. तिथे बाहेरून जाणारा रस्ताच नाही. रेल्वे, विमान, आणि समुद्र गोठलेला नसेल तेव्हा जहाज. मे २०१७ च्या पुरात रेल्वेचा भराव वीसहून जास्त ठिकाणी वाहून गेला. मार्ग सुरू झाला सुमारे दीड वर्षानं.

दीड वर्ष दुरुस्ती चालू होती असं नाही. खर्च कुणी करायचा यावर ते दीड वर्ष गेलं. २०१८ मध्ये मालकी बदलली आणि नंतरचं प्रत्यक्ष काम काही आठवड्यांत उरकलं. गावातल्या लोकांनी तोवर दोन हिवाळे विमानानं आणलेल्या महाग मालावर काढले... नाही, चुकलं, दुसरा हिवाळा लागता लागता गाडी आली. एक पूर्ण हिवाळा.

धागाकर्त्याच्या मूळ पद्धतीत चर्चिलचा तुकडा यादीच्या तळाशी असणार. टोकाचं स्थानक, थोडी माणसं, आठवड्याला मोजक्या गाड्या. एकूण नुकसान मोजायचं की एका माणसाच्या वाट्याला आलेलं नुकसान मोजायचं, हे आधी ठरवा. दोन्हींच्या याद्या वेगळ्या येतात. माझ्या मते दुसरी यादी आधी छापावी.

---

हिशोबी

सगळं पटतं, पण पैसा कुणी बोलतच नाही. दर विरळ मार्गाला वळसा बांधणं अशक्य आहे. पाचशे किलोमीटरला दिवसाला चार गाड्या असतील तर दुसरा मार्ग कुठलाही वित्त विभाग मान्य करणार नाही, आणि मी तिथे असतो तर मीही केला नसता. जुना मार्ग 'कधीतरी लागेल' म्हणून सांभाळायचा तरी पूल तपासावे लागतात, झाडोरा काढावा लागतो, माणसं ठेवावी लागतात.

---

मालवाहू

हिशोबी, नवा मार्ग बांधा असं मीही म्हणत नाही. पण असलेला मोडण्याआधी थांबा, एवढं तरी म्हणू द्या.

स्वित्झर्लंडचा गोट्टहार्ड बघा. ५७ किलोमीटरचा नवा पायथा-बोगदा, म्हणजे डोंगर न चढता त्याच्या पायथ्यातून आरपार जाणारा, २०१६ मध्ये उघडला, तरी डोंगरावरचा जुना मार्ग चालू ठेवला. १० ऑगस्ट २०२३ ला बोगद्यात मालगाडी घसरली, कित्येक किलोमीटर मार्ग उखडला आणि पूर्ण वाहतूक २ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. त्या काळात प्रवासी गाड्या जुन्या घाटातून गेल्या, तासभर जास्त लागला, पण गेल्या. जुन्या बोगद्यांतून उंच कंटेनर जात नाहीत, म्हणजे तिथेही वळसा अर्धाच होता. तरी अर्धा होता.

---

जुना_कंट्रोलर

हिशोबींचं बरोबर आहे आणि मालवाहूंचंही. माझ्या अनुभवातून स्वस्त उपाय सांगतो. ज्या लांब सेक्शनमुळे क्षमता अडते तिथे एक लूप वाढवा. पुलाचे तयार गर्डर (तुळया) आणि खडीचा साठा एकमेव दुव्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, एकाच बाजूला नको. मधे तुटलं तर पलीकडच्या बाजूला साहित्य न्यायला वाटच उरत नाही. एक इंजिन आणि एक दुरुस्तीगाडीही दोन्हीकडे हवी. आणि वळशाच्या मार्गावर ड्रायव्हरांचं रोड लर्निंग चालू राहायला हवं. ठरावीक महिने त्या मार्गावर गाडी नेली नाही तर ड्रायव्हरचं त्या मार्गाचं ज्ञान बाद धरलं जातं, आणि ते बरोबरच आहे. अंधारात, पावसात, अनोळखी चढउतारावर भरलेली मालगाडी न्यायला मी कुणालाही सांगितलं नसतं.

म्हणून महिन्यातून एखादी नियमित मालगाडी मुद्दाम वळशावरून न्यावी. उशीर होईल, तो सोसावा. कुठला पॉइंट गंजला आणि कुठल्या स्थानकावर रात्रपाळीचा माणूसच नाही, हे त्या फेरीत कळतं.

---

गणितगप्पा

हे आलेखाच्या भाषेत बसवता येतं. प्रत्येक तुकड्याला दोन आकडे द्या: रोज अडकणाऱ्या गाड्या, आणि मार्ग सुरू व्हायला लागणारे दिवस. गुणाकार करा. मुख्य मार्गावर रोज २४ गाड्या अडकल्या आणि २० दिवसांत दुरुस्ती झाली तर ४८०. टोकाच्या तुकड्यावर रोज २ अडकल्या पण ५०० दिवस लागले तर १०००. यादी उलटी झाली.

---

रूळरेषा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून सराव-जाळं पुन्हा मांडलं. त्यात आता लूप आहेत, विजेच्या तारा आहेत, उरलेली जागा आहे, दगडमातींचं पन्नास किलोमीटरचं वर्तुळ आहे. दुरुस्तीच्या दिवसांत 'साहित्य कुठल्या बाजूला' हा रकाना वेगळा केला. पाऊलखुणा म्हणतात तशा दोन याद्या काढल्या आणि माणशी नुकसानाची यादी वर ठेवली.

पहिल्या मोजणीत सगळ्यात वर असलेला मधला तुकडा आता एकूण नुकसानाच्या यादीत चौथा आहे. तिथे पहिल्या क्रमांकावर आलं ते एक साधं क्रॉसिंग स्थानक, ज्याला मी आधी नावही दिलं नव्हतं. सगळे वळसे त्याच्याच लूपवरून जातात. माणशी यादीत पहिला आहे टोकाचा तुकडा, जो आधी सगळ्यात तळाला होता.

जुना_कंट्रोलर, एक विचारायचं राहिलं. अशा स्थानकावर लूप एक असावा की दोन?

---

जुना_कंट्रोलर

दोन. एकात बिघडलेली गाडी ढकलून ठेवाल आणि दुसऱ्यात क्रॉसिंग चालू राहील. आणि दोन्ही लूप तुमच्या सगळ्यात लांब मालगाडीपेक्षा लांब हवेत. आखूड लूपमध्ये शेपूट बाहेर राहिली तर लूप असून नसल्यासारखा.